टोपीवाल्याची भाजी

भूकंपानंतर निलंग्यात कुणी छताखाली बसायला धजत नव्हतं, म्हणून आनंदराजच्या घरचा टीव्हीसुद्धा अंगणात आला होता. त्यात टोपीवाला गोरा माणूस ऑस्ट्रेलियाच्या माळावर कंद उकरून खायचा. लहानगा आनंदराज डोळे फाडून बघायचा आणि त्याची आई, धुरपताबाई, म्हणायची, "याला घरी कुणी जेवाय वाढत न्हाई का रं?"

आता आनंदराजची लेक धम्मप्रिया लातुरात डॉक्टरीच्या क्लासला होती. मेसचा डबा रोज तसाच परत जात होता.

"घास गिळवत नाही, पप्पा. घरी येऊ का?"

तिचा हा फोन आल्यावर, इथंच राहा म्हणून समजूत घालायलाच तो लातूरला आला होता. त्याऐवजी तिला हॉस्टेलमागच्या रिकाम्या प्लॉटवर घेऊन गेला, उकिडवा बसला आणि घोळाची भाजी खुडत टीव्हीतल्या टोपीवाल्याच्या आवाजात म्हणाला, "दोस्तो, या माळावर क्लासशिवाय काहीच उगवत नाही, असं लोक म्हणतात..."

(इथं जाहिराती. धम्मप्रिया पोट धरून हसतेय.)

खोलीतल्या शेगडीवर लसणाची फोडणी बसली. तिनं ताट पुसून खाल्लं.

"अजून हाय का?"

तिची ती भूक बघून आनंदराज समजूत घालायचं विसरला.

"घरामागं लई हाय," तो म्हणाला. "बॅग भर."