अख्खा इसा

त्या साहेबाला मी चहा पाजला, तोही दूध घालून, याचा मला आजही राग येतो.

सत्त्याण्णवची दिवाळी नुकतीच सरली होती. आंबेगावच्या डोंगराकडच्या आमच्या वाडीत भाताची झोडणी चालू होती, आणि हे साहेब पुण्याहून मोजणीचे जुने शब्द गोळा करायला आले होते. आमच्याकडे पेंढ्या वीस-वीसने मोजतात. वीस झाल्या की एक खडा बाजूला ठेवायचा, तो एक इसा. पाच खडे म्हणजे पाच इसा, शंभर. साहेबांना ऐकूनच गुदगुल्या झाल्या. "सगळ्यात झरझर कोण मोजतं?" त्यांनी विचारलं. खळ्यावरच्या बायामाणसांनी माझ्या थोरल्या भावाचं, सोमाजीदादाचं नाव घेतलं आणि लगेच जीभ चावली.

मंचरला कामाला असताना कडबाकुट्टीच्या यंत्राने दादाच्या उजव्या हाताची तीन बोटं नेली होती. होळीपासून त्याने उंबरा ओलांडला नव्हता. हा पुन्हा माणसात येतो की नाही, या एकाच धास्तीने आमची आई, गोजरबाई, निम्मी झाली होती. म्हणून मीच आत गेले, त्याच्या हातापाया पडले. उपरण्यात हात गुंडाळून तो खळ्यावर आला आणि मोजू लागला. आवाज तोच, खणखणीत. आईने तोंडाला पदर लावला.

चार इसा झाल्यावर वहीत टिपता टिपता साहेब खुलले. "फ्रेंच लोकही ऐंशीला चार-वीस म्हणतात! आणि वीसच का? हातापायांची बोटं! मध्य अमेरिकेतल्या माया लोकांच्या एका बोलीत तर वीसला शब्दच आहे, 'एक माणूस'. वीस बोटं म्हणजे अख्खा माणूस. काढा हात बाहेर, बोटांवर मोजताना फोटो घेतो."

दादा हलला नाही. साहेबांनी स्वतःच उपरणं ओढलं. हात बघितला आणि कॅमेरा खाली घेतला. "अरेरे! मग दुसरं कुणी बघा ना, सगळी बोटं असलेलं."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. "चालते व्हा! शब्द न्यायला आलाय का मानसं निवडायला?"

"उज्ज्वला, गप! तुला कुनी इचारलं?" दादा माझ्यावरच खेकसला. मग त्याने तो हात साहेबांच्या नाकासमोर धरला. "लिवा, सायेब. आमच्यात अख्खा मानूस सतराचा बी असतो."

साहेब हसले. "असं लिहिता येत नाही हो."

"मंग आमचा इसा बी खोडा."

साहेबांनी वहीवर तळवा ठेवला. दादाने अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत धरून ते पान टरकन फाडलं.

साहेब तणतणत गेले. दादा मात्र खळ्यावरच राहिला, आणि पेंढ्या ढिल्या बांधल्या म्हणून एकेकाशी कचाकचा भांडू लागला. मी आवरायला निघाले, तर आईने माझं मनगट धरलं.

"भांडू दे," ती म्हणाली. "मानसात आलाय."