गौरीची जात

संध्याची मालिका सुरू झाली आणि रुक्माबाईला कुरुंद्यातून सरळ चालणं मुश्कील झालं. दळण घेऊन निघाली तरी कुणी ना कुणी वाटेत अडवायचंच.

"रुक्मा, सांग की, पुढं काय होनार हाय? गौरीची सासू तिला घरात ऱ्हाऊ देनार का न्हाई?"

"मला काय ठावं बाई? पोरगी फोनवर काईच सांगत न्हाई," रुक्माबाई म्हणायची आणि पदराआड हसायची.

गौरी म्हणजे मालिकेतली धाकटी सून. तिचं काम करायची ती रुक्माबाईची एकुलती एक लेक, संध्या. नवरा जळबा गेला तेव्हा पोरगी शाळेत होती. रुक्माबाईनं दुसऱ्यांच्या शेतात हळद वेचून तिला शिकवलं. औरंगाबादला कॉलेजात नाटकाचं शिक्षण घेऊन संध्या मुंबईला गेली आणि तिथं कित्येक वर्षं नुसती वाट बघत राहिली. कधी गर्दीत उभं राहायचं काम, कधी मोलकरणीचं. अखेर दोन हजार पाचच्या दिवाळीआधी तिला गौरी मिळाली, आणि चारसहा महिन्यांत महाराष्ट्रातल्या सासवा आपल्या सुनांना गौरीचे दाखले द्यायला लागल्या.

कुरुंद्यातही तेच. ज्यांच्या शेतात रुक्माबाईची निम्मी जिंदगी गेली त्या शालूबाईंनी तर एकदा भर रस्त्यात तिचा हात धरला होता. "आमच्या वैजनाथाच्या बायकूपरीस तुझी पोरगी सून म्हून शोभती बघ!" त्याआधी त्यांनी कधी हात धरलेला रुक्माबाईला आठवत नव्हता. घरी येऊन ती बराच वेळ तो हात मांडीवर घेऊन बसली होती.

रुक्माबाई आता अंगणवाडीत मदतनीस होती. सेविका शिवकन्याबाई मराठ्याच्या, स्वभावानं चांगल्या. लेकरांना शिकवायचं, वजनं करायची ही कामं त्यांची. खिचडी आणि लापशी शिजवायचं काम रुक्माबाईचं. पण गावात कुणी विचारलंच तर शिवकन्याबाई सांगायच्या, "खिचडी मीच टाकते, मावशी नुस्ती भांडी घासती." विचारणाऱ्याला खरं काय ते माहीत असायचं. त्याला माहीत आहे हे सांगणारीलाही माहीत असायचं. कित्येक वर्षं गावातल्या लेकरांची पोटं त्या एका वाक्यावर भरत होती. रुक्माबाईला सुरुवातीला ते वाक्य टोचायचं. मग तिनं ऐकायचंच सोडून दिलं.

मालिकेच्या लेखकानं एकदा चहा पिता पिता संध्याला गावाकडचं काही विचारलं. बोलता बोलता तिनं हे सांगितलं, हसत हसतच सांगितलं. लेखक हसला नाही. पुढच्या महिन्यात त्यानं ते मालिकेत घातलं.

त्या संध्याकाळी रुक्माबाईच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. अख्खा बौद्धवाडा टीव्हीपुढं बसला होता. पडद्यावर गौरीच्या सासरी मोठं जेवण होतं. गौरी बौद्धाची आहे हे घरच्यांना नुकतंच कळलं होतं. सासूनं तिला घराबाहेर काढलं नव्हतं. फक्त पाहुण्यांना सांगायचं ठरलं होतं की स्वयंपाक मोठ्या सुनेनं केलाय. पाहुणे बोटं चाटून जेवत होते, मोठ्या सुनेचं कौतुक करत होते. तेवढ्यात गौरी हातात वाढणं घेऊन माजघरातून बाहेर आली.

"हा स्वयंपाक मी केलाय," ती म्हणाली. "मी बौद्धाची आहे. आता सांगा, घशाखाली गेलेल्या घासाची चव बदलली का?"

घरात टाळ्यांचा कडकडाट झाला. रुक्माबाईचा पुतण्या भीमराज, जो जयंतीचं मंडळ चालवायचा, तो उठून उभाच राहिला. "वा रे माझी बहीण!" तो ओरडला. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. रुक्माबाई मात्र टाळ्या वाजवत नव्हती. स्वयंपाक मोठ्या सुनेनं केलाय, हे वाक्य कुठून आलं ते तिनं ओळखलं होतं. आणि आपण ओळखलं तर गावही ओळखणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीवर पातेलं चढलेलं असतानाच अंगणवाडीच्या दारात पाचसहा जण आले. पुढं शालूबाईंचा वैजनाथ. त्याची चिमुरडी आत भिंतीला टेकून बसली होती.

"बाई, खरं सांगा," तो शिवकन्याबाईंना म्हणाला. "खिचडी कोन शिजवतं?"

शिवकन्याबाईंनी पातेल्याकडं बघितलं, मग जमिनीकडं.

"बोला की. मीच शिजवते, असं तुमीच म्हनत व्हता ना?"

रुक्माबाईच पुढं झाली. "मी शिजवते. तुला ठावं व्हतं की, वैजनाथ."

"ठावं असनं येगळं, मावशी." तो चिडलेलाही वाटत नव्हता, अवघडलेला वाटत होता. "आता साऱ्या महाराष्ट्रानं बघितलं. उद्या सोयरे इचारतील, तुमच्याच गावची पोरगी ना ती, मंग तुमच्या लेकरांचं कोन शिजवतं? काय सांगू? तुमच्या पोरीनं आमची इज्जत काहून काढली? काय कमी केलं व्हतं आमी तिला?"

त्यानं मुलीला उचललं. तिनं खिचडीसाठी भोकाड पसरलं, तरी तो थांबला नाही. बाकीच्यांनीही आपापली लेकरं नेली. उरली ती बौद्धवाड्यातली तेवढी, रिकाम्या ताटल्या पुढं घेऊन. रुक्माबाईनं त्यांना वाढलं. पातेलं अर्ध्याहून जास्त भरलेलं राहिलं.

राज्यात तर वणवाच पेटला. एका शहरात गौरीच्या फोटोला चपलांचा हार घातला. दुसरीकडं वाहिनीच्या गाड्या अडवल्या. करमणुकीच्या कार्यक्रमात जात कशाला आणता, माणसं दिवसभर राबून संध्याकाळी दोन घटका हसायला बसतात, असं पेपरात छापून यायला लागलं. आता जात राहिलीय कुठं, असंही त्याच पानावर असायचं. हिंगोलीत केबलवाल्याला पोरांनी दम दिला, तेव्हा त्यानं ती वाहिनीच बंद केली. जाहिरातदार मागं हटायला लागले आणि संध्याचे फोन कमी झाले. आले तरी ती आपलं काही सांगायची नाही.

"माय, तिकडं काई तकलीफ न्हाई ना?"

"न्हाई गं. हितं काय व्हनार? लोकं इचारतात तुला," रुक्माबाई म्हणायची. खरं तर तिला आता चुलीपाशी जाऊ देत नव्हते. "थोडे दिवस बाहेरचं झाडून घ्या, मावशी, वातावरण निवळू द्या," असं शिवकन्याबाई रडवेल्या होऊन म्हणाल्या होत्या, आणि तालुक्याहून आलेल्या साहेबांनी त्याला मान डोलावली होती.

केबलवर ती वाहिनी पुन्हा दिसायला लागली ती संध्याच्या माफीनं. मालिका लागायच्या आधी पडद्यावर संध्या आली. गौरीचं मंगळसूत्र नाही, टिकली नाही, साधी पांढरट साडी. "आमच्या मालिकेतील प्रसंगामुळे कुणाच्या भावना दुखावल्या असतील, तर मी सर्वांची मनःपूर्वक माफी मागते," ती म्हणाली. आवाज तिचा नव्हताच. तिचे डोळे एकीकडून दुसरीकडं सरकत होते. समोर लिहिलेलं वाचत होती. शेवटी तिनं हात जोडले आणि ते हात बराच वेळ तसेच राहिले.

घरात आज भीमराज आणि दोघंतिघंच होते. भीमराजनं उठून टीव्ही बंद केला.

"माफी? कशाची माफी मागितली हिनं? आपुन आपली जात सांगितली याची?"

"तिच्यावर काय बेतलं असंल ते आपल्याला काय ठावं, बाबा," रुक्माबाई म्हणाली.

"मोठी माय, आमी वसमतला तिच्यासाठी मोर्चा काढनार व्हतो. पोरं दुसऱ्या गावांवरनं येनार व्हती. आता कोनत्या तोंडानं काढू? तिला म्हनावं, आता हिकडं येऊ नको."

तो गेला, आणि त्या दिवसापासून बौद्धवाड्यातलीही माणसं रुक्माबाईच्या घरावरून मान खाली घालून जायला लागली. गावाला ती नको होती, आणि आता आपल्यांनाही जड झाली.

दोनचार दिवसांनी रुक्माबाई अंगणवाडीचं अंगण झाडत असताना शिवकन्याबाई तिच्याजवळ आल्या. "मावशी, माझं चुकलं असंल तर पदरात घ्या. मीच संध्याला फोन केला व्हता. तुमची हालत सांगितली. म्हनलं, तू दोन शब्द बोलली तर गाव गप बसंल, तुझ्या मायचं काम वाचंल. ती तिकडं न्हाईच म्हनून राहिली व्हती सगळ्यांना. माझा फोन गेल्यावर व्हय म्हनली."

रुक्माबाईच्या हातातला खराटा तिथंच थांबला. पोरगी इतके दिवस मोठमोठ्या माणसांपुढं वाकली नव्हती. वाकली ती आपल्यासाठी, या पातेल्यासाठी.

"मंग? वाचलं का काम?" तिनं विचारलं.

शिवकन्याबाईंनी दाराकडं बघितलं. आत चुलीपाशी दुसरीच बाई डाळ निवडत बसली होती.

तरीही एक आशा धरून रुक्माबाई शालूबाईंच्या वाटेत उभी राहिली. त्यांचा शब्द वैजनाथ मोडणार नाही, हे तिला माहीत होतं.

"पोरीनं हात जोडले, शालूबाई. तुमी बघितलं ना?"

"बघितलं गं. जीव तुटला माझा." शालूबाईंनी खरंच डोळ्याला पदर लावला. "पर आता हातातलं गेलं, रुक्मा. आमाला काय ठावं नव्हतं व्हय? समदं ठावं व्हतं. चालून राहिलं व्हतं ना बराबर? ते बोलून दाखवाया नगं व्हतं. एकदा बोललं का मंग मानसाला बघावं लागतं." आणि त्या निघाल्या. हात धरला नाही.

माफी मागूनही वाहिनीनं गौरीला ठेवलं नाही. एका संध्याकाळी स्टोव्हचा भडका उडाला आणि गौरी जळून मेली. चार भाग नुसतं रडणं चाललं होतं. सासूनं तिच्या फोटोला हार घातला, आमची गुणाची पोर गेली म्हणून टाहो फोडला. कुरुंद्यातल्या बायकाही रडल्या. घराघरातून हुंदके ऐकू आले. शालूबाईंच्या घरी त्या दिवशी म्हणे चूलच पेटली नाही.

आणि संध्या जिवंत, आपल्या मायच्या घरात, भिंतीकडं तोंड करून पडली होती. आदल्याच दिवशी ती एक बॅग घेऊन आली होती. मुंबईत आता कुणी फोन उचलत नाही, एवढंच तिनं सांगितलं. बायका बाहेर तिच्यासाठी रडत होत्या आणि तिला बघायला एकही आली नाही. भीमराजही नाही.

"माय, मी ते लेखकाला सांगाया नगं व्हतं," ती एकदाच म्हणाली.

रुक्माबाईला म्हणायचं होतं, तू खरं तेच सांगितलंस. पण ती तिच्या केसांतून हात फिरवत राहिली. आपल्याला नेमकं काय वाटतं हे तिलाच कळेनासं झालं होतं. सांगितलं नसतं तर पोरगी आज गौरी असती. आपण पातेल्यापाशी असतो. हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच किळस आली.

हळद काढायचे दिवस आले, तोवर अंगणवाडीतलं झाडायचं कामही सुटलं होतं. कुरुंद्यात कुणी रुक्माबाईला बोलावणं धाडलं नाही. मग ती डोंगरकडा गावाकडं जाणाऱ्या मजुरांच्या टेम्पोत बसायला लागली. तिकडं तिला कुणी ओळखत नव्हतं. काही दिवसांनी संध्याही तिच्याशेजारी येऊन बसली. डोक्यावरून, तोंडावरून रुमाल बांधलेला, नुसते डोळे उघडे. पहिल्या दिवशी तिचे हात सोलून निघाले. तिनं तक्रार केली नाही. माती झटकून हळदीचे गड्डे टोपलीत टाकत राहिली.

एके दुपारी पाणी प्यायला तिनं रुमाल खाली ओढला, तेव्हा बाजूच्या सरीतली एक म्हातारी तिच्याकडं टक लावून बघायला लागली.

"पोरी, तू त्या टीव्हीतल्या गौरीवानी दिसतीस गं!"

"म्हनतात लोकं," संध्या म्हणाली.

"बिचारी जळून गेली. मला दोन घास गेले न्हाईत बघ. लई गुनाची व्हती." म्हातारीनं हातातला गड्डा झटकला. "पर तिनं असं चारचौघांत बोलाया नगं व्हतं. संसार कसा चांगला चालला व्हता." मग ती जरा जवळ सरकली. "तुमी कोनाच्या गं, मायलेकी?"

रुक्माबाईचे हात थांबले. ती लेकीकडं बघत राहिली.

"कुरुंद्याच्या," संध्या म्हणाली.

"गाव न्हाई इचारलं मी."

संध्यानं रुमाल पुन्हा नाकावर चढवला, टोपली उचलली आणि पलीकडच्या बांधाकडं चालू लागली. म्हातारी आता रुक्माबाईकडं वळली. वैजनाथापुढं रुक्माबाईनं खरं ते एका दमात सांगितलं होतं. आज तिनं मान खाली घातली आणि माती उकरायला लागली.

म्हातारी थोडा वेळ वाट बघत थांबली. मग आपली भाकरीची फडकी उचलून दुसऱ्या सरीला जाऊन बसली.