टेंडर म्हणजे कोमल

टेंडर : कोमल, नाजूक.

सन १८९७. कल्याण स्टेशनात प्लेगची तपासणी चालली होती. डॉक्टर मडमेने मालनची काख दाबली, तशी ती कळवळली. मडमेने चिठ्ठीवर 'टेंडर' एवढाच एक शब्द इंग्रजीत लिहिला. मालनचा नवरा गुणाजी इंग्रजी तीन यत्ता शिकलेला; त्याने चिठ्ठी वाचली.

"कोमल म्हणते तुला," तो हसला. "तिला कुठं ठाऊक तुझी जीभ!"

"अहो, मग घरी सोडतील ना?"

टेंडर : प्रेमळ, मायाळू.

"सोडतील की. शब्द चांगला आहे."

कारकुनाने चिठ्ठी वाचली आणि उपरणं नाकाला लावलं. "बाई, प्लेगच्या तंबूत चला."

"अहो, कोमल लिहिलंय!" गुणाजी म्हणाला.

"दाबलं की दुखतं, असं लिहिलंय. म्हणजे काखेत प्लेगची गाठ आहे."

मालनने गुणाजीकडे पाहिलं. तो दोन पावलं मागे सरला होता.