न सांगितलेला पाऊस

आपल्या कितीतरी घरांत व्रतं असतात, आणि ती असावीतच. पण व्रत कशासाठी धरलं हेच विसरलं तर काय होतं, ते सोलापुरात शुक्रवार पेठेतल्या रत्नम्माच्या घरी झालं.

रत्नम्माला वाचता येत होतं. तिचे यजमान संगप्पा सकाळीच दुकानी जात, आणि घरी आलेलं वर्तमानपत्र तीच आधी उघडी. पूजा आटोपली की पहिल्यांदा हवामानाचा अंदाज बघायचा. तो गोजाबाईसाठी. सासूबाई चन्नम्मांच्या खोकल्यावर ही धनगरीण रोज शेळीचं दूध आणी, आणि उंबऱ्यापाशी बसून विचारी, “बाई, आज आबाळ काय म्हनतंय कागदात?” तिची मेंढरं देगावच्या माळावर उघड्यावर बसत.

पण कार्तिकातल्या सोमवारी रत्नम्माचं काष्ठमौन असे. उजाडल्यापासून संध्याकाळी सिद्धेश्वराचं दर्शन होईपर्यंत शब्द नाही, खूण नाही, मान हलवणंसुद्धा नाही.

अशाच एका सोमवारी तिने वाचलं : उपसागरातलं वादळ पश्चिमेकडे सरकत आहे, सोलापूर व विजापूर भागात रात्री गार वारा सुटून जोराचा पाऊस होईल. बाहेर तर लख्ख ऊन पडलं होतं.

तेवढ्यात गोजाबाई आली. “बाई, कातरनारे आल्यात माळावर. आजच मेंढरं कातरून घिऊ म्हनत्यात आमचं धनी. पानीबिनी न्हाय न्हवं?”

रत्नम्माचा हात माळेवर थांबला. नुकत्याच कातरलेल्या मेंढीला गार पावसाची एक रात्र सोसत नाही, हे गोजाबाईनेच तिला सांगितलं होतं. शब्द अगदी ओठाशी आला. पण लग्न झाल्यापासून हे मौन कधी मोडलं नव्हतं. देव काय म्हणेल? तिने डोळे मिटले आणि रुद्राक्ष ओढायला लागली.

“अगं बया, सोमवार न्हवं का! इसरलेच की,” गोजाबाई हसली. “द्येवाशी बोलनं चाललंय, तितं आमची कुटं डाळ शिजायची! ऱ्हाऊ द्या. कागदात वंगाळ काय असतं तर बाई गप बसल्या असत्या व्हय?”

दूध ओतून ती भराभरा निघून गेली.

संध्याकाळी देवळातून परतताना वारा फिरला होता. घरात पाऊल टाकताच रत्नम्मा म्हणाली, “अव्वा, गोजाबाईला निरोप धाडायला हवा. रात्री पाऊस आहे.”

“हे तुला कळलं कधी?” चन्नम्मांनी विचारलं.

“सकाळी.”

“ती आली तेव्हा ठाऊक होतं?”

रत्नम्मा खाली बघत राहिली.

“आता बोल की! आता तर सुटलं ना मौन!” म्हातारीला खोकल्याची उबळ आली, तरी ती थांबेना. “अगं, मौन कशाला धरतात? या जिभेनं आपण दिवसभर कुणाला टोचतो, कुणाची निंदा करतो, ते एक दिवस थांबावं म्हणून. तू जीव वाचवणारा शब्द गिळलास. त्याचं पुण्य कुणाच्या पदरात पडलं गं?”

“व्रत मोडलं असतं, अव्वा...”

“मोडलं असतं तर देवानं सांधून घेतलं असतं! मेंढरं कोण सांधून देणार?”

संगप्पा तसेच घोंगडी घेऊन निघाले. पण ते वेशीबाहेर पडेतो पावसाने गाठलं. ओढ्याला पाणी आलं, आणि ते परत फिरले.

सकाळी नवराबायको माळावर पोचली तेव्हा आभाळ निवळलं होतं. कातरलेली, उघडी अंगं एकमेकांना चिकटून चिखलात पडली होती. ऊब शोधता शोधताच गेली बिचारी! गोजाबाईचा नवरा सिद्धनाथ एका कोकराला आपल्या घोंगडीत घेऊन चोळत बसला होता. कोकरू केव्हाच थंड झालं होतं.

रत्नम्मा चिखलातच बसली. “गोजाबाई, मला ठाऊक होतं. सकाळीच वाचलं होतं मी.”

 गोजाबाईने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं! पण ती हळूच म्हणाली, “आन् व्रत? त्ये तर न्हाय न्हवं मोडलं तुमचं?”

संगप्पांनी दुसरी मेंढरं घेऊन द्यायची भाषा काढली. सिद्धनाथने मान वर केली नाही. “मडकी हायती व्हय मालक, फुटली की दुसरी आनायला? आज्ज्यापास्नं सांबाळल्याली हुती ती.”

रत्नम्मा अजूनही कार्तिकी सोमवार धरते. पण सकाळी आधी ओट्यावर उभी राहते, गल्लीत सूत ताणणाऱ्या विणकरांना ऐकू जाईल अशा आवाजात अंदाज वाचते, आणि मगच तोंड मिटते. गोजाबाई दूध घेऊन येत नाही. गिरणीचा भोंगा झाला की सिद्धनाथ आता त्याच गल्लीतून गिरणीत कामावर जातो. तो थांबत नाही, विचारत नाही. छपराखाली राबणाऱ्याला आभाळाशी काय करायचंय!

बंधुभगिनींनो, उपास करा, जप करा, मौनही धरा. पण ज्याला वाचता येतं त्याने न वाचता येणाऱ्याच्या जिवाची गोष्ट आपल्यापाशी ठेवून घेऊ नये. देवापुढे गप्प बसावं. दाराशी येऊन विचारणाऱ्यापुढे नाही. रत्नम्माला हे कळलं, पण कुणाचा तरी सबंध कळप गेल्यावर.