थंड खोलीच्या दाराची नाल

सुनीलची एक खोड ठकूबाईच्या डोळ्यांत पहिल्या दिवसापासून खुपत होती. कुठल्याही दारापुढे उभा राहिला, की हा माणूस आधी त्यावर थाप मारायचा. बेल्ह्याच्या बाजारात गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवर मारतं तशी, हक्काची. ठकूबाईच्या देवघराच्या दारावरसुद्धा त्यानं मारली, कान देऊन ऐकलं आणि सागवान चांगलं आहे म्हणाला. राजुरीत ठकूबाईला तिच्याच घरचं सागवान घाटघरच्या पोरानं सांगायचं! ज्याची आई झुंबरबाई डोंगरातून हिच्या कांद्यात खुरपायला यायची आणि भाकरी पदरात घेऊन ओसरीखाली बसायची.

पण थोरल्या लेकापुढे, चांगदेवापुढे तिचं काही चाललं नाही. दोन हजार चारचा हंगाम. द्राक्षं परदेशी धाडायची म्हणून चांगदेवानं मळ्यात थंड खोली बांधली होती. भिंती, यंत्र, सगळं पुण्याहून आलं. दार तेवढं मापाचं करून घ्यायचं राहिलं होतं, आणि सुनील सहा वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात असलीच दारं करून आला होता. आता बेल्ह्याला त्यानं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान टाकलं होतं. हे त्याचं पहिलं मोठं काम. आसपासच्या चार बागाइतदारांनी सांगून ठेवलं होतं, चांगदेवाचं दार कसं निघतंय बघू, मग आमचीही दारं तुलाच. सुनीलचं दुकान त्या चार दारांवर उभं राहायचं होतं, नाहीतर परत भोसरी.

दार घडत होतं तेव्हा ठकूबाई समोर खाट टाकून बसायची. पोलादाचे दोन पत्रे, मधे चार बोटं जागा, तिच्यात काचेची लोकर दाबून भरलेली. दोन पत्र्यांच्या मधे लाकडाच्या पट्ट्या. लाकूड कशाला, असं तिनं विचारलं. सुनील म्हणाला, आजी, बाहेरचं लोखंड आतल्या लोखंडाला शिवता कामा नये, शिवलं की ऊन आत गेलंच. शिवाशिव तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. छातीच्या उंचीवर वीतभर खिडकी, तिला दोन काचा, काचांच्या मधे ओल ओढून घेणारे दाणे. काचेला दोन-दोन लुगडी नेसवतोय, आमच्या सुनांना एक धड नेसता येईना, असं म्हणून तिनं सुनांनाही त्यात घेतलं.

दार बसलं त्या दिवशी सुनीलनं कडेच्या रबरात कागदाचा कपटा धरून दार लावलं आणि चांगदेवाला ओढायला सांगितलं. कागद फाटला, पण निघाला नाही. मग सुनीलनं दारावर थाप मारली. आवाज आला नाही म्हणावं इतका बारीक आला. तो पोरासारखा हसला.

तेवढ्यात ठकूबाईनं पदराआडून काळी नाल काढली. बाजारातून मुद्दाम आणलेली, घोड्याच्या पायातली. शेजारची लंकाबाई तीनदा येऊन खोली बघून गेली होती, आणि तिच्या नजरेनं ठकूबाईची एक म्हैस आटली होती, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. सुनील म्हणाला, आजी, दाराला भोक नको, वर भिंतीवर लावून देतो, न्हाईतर कडीला तारेनं बांधतो. ठकूबाईनं नाल परत पदराआड घेतली. नाल भिंतीला लावायची का दाराला, हे आता डोंगरातल्या पोराकडून शिकायचं होतं!

दुसऱ्या दिवशी चांगदेव बागेत गेल्यावर तिनं संपत गड्याला बोलावलं. खिळा पत्र्यात धरेना, म्हणून संपतनं ड्रिलनं दारात खाली, उंबऱ्याच्या अंगाला आरपार भोक पाडलं आणि वीतभर बोल्ट घालून आतून नट आवळला. आणखी आवळ, ती म्हणाली. संपतनं करकचून आवळला. तिनं नालेला हळदकुंकू वाहिलं.

पाचव्या दिवशी दार रडायला लागलं. आतल्या नटाला बर्फ धरला, खालच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकू लागलं, पेट्या भिजल्या. माल तपासायला आलेल्या साहेबानं दोन पेट्या उघडल्या आणि गाडी रिकामी परत नेली. चांगदेवानं चौकात उभं राहून सुनीलचा उद्धार केला. त्याच दुपारी ते चार बागाइतदार दार बघायला येणार होते.

सुनील त्यांच्याआधी आला. चांगदेव नारायणगावला गेलेला, खोलीपाशी एकटी ठकूबाई. सुनीलनं वर थाप मारली, खाली मारली. खाली ओली, जड थाप वाजली. कागद रबरात धरला, तो अलगद हातात आला. मग त्याची नजर नालेवर गेली. बोल्टानं बाहेरचं लोखंड आतल्या लोखंडाला शिवलं होतं. त्यानं नट सोडला. करकचून आवळल्यानं आत ओढलेला पत्रा टणकन जागेवर आला, आणि खालचं रबर चौकटीला परत टेकलं. भोकातून पाण्याची धार लागली.

त्यानं नाल पुसून तिच्या खाटेवर ठेवली आणि हात जोडले. तो म्हणाला, तुमचं नाव येऊ देत न्हाई आजी. भोक संपतनं चुकून पाडलं, एवढंच चौघांना सांगा. लोकर बदलतो, भोक बुजवतो, दार परत उभं राहतंय.

ठकूबाईनं विचार केला. संपतच्या पोटात शब्द टिकत नव्हता. भोक कुणाच्या सांगण्यावरून पाडलं, हे संध्याकाळपर्यंत सुनांना कळलं असतं, रात्रीपर्यंत लंकाबाईला.

मोटारसायकली आल्या. चौघांनी दाराकडे पाहिलं, खालच्या चिखलाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. ठकूबाई सावकाश उठली. तिनं सांगितलं, की दार पहिल्यापासून पोकळ होतं, आत काय कोंबलंय देव जाणे, आणि ते भोक आताच, चोरी झाकायला, यानं स्वतः पाडलं. सुनीलनं तोंड उघडलं. पण पाना आणि बोल्ट त्याच्याच हातात होते. चौघं पाणीसुद्धा न घेता परत फिरले.

सुनील खाली बसला. त्यानं विचारलं, आजी, माझी आई तुमच्या रानात राबली, तुमाला खरं म्हाईत व्हतं, मग का?

ठकूबाईनं नाल उचलून पदरात घेतली.

"म्हाईत हाय. दार तू चांगलं केलं व्हतं, नाल मी मारली. पण राजुरीत ठकूबाईची नाल खोटी ठरायची न्हाई, तुझं दारच खोटं ठरंल. आता ऊठ, आन् जाताना माझ्या दारावर थाप मारू नको."