गवंड्याच्या हातचे मामूल

"बाबा, ईदला येताना दुकानातले किलोभर मामूल आणा, चालतील. आता घरी कोण करणार?"

लमीस फोनवर हे अगदी सहज बोलून गेली. वजीहनेही "बरं बेटा" म्हणून फोन ठेवला. पण ते वाक्य माशाच्या काट्यासारखं घशात अडकलं ते अडकलंच.

बायको, नाहिद, जाऊन दोन वर्षं झाली होती. लेकीचं लग्न होऊन आठ महिने. लमीस पडली लेबनॉनच्या दक्षिणेला सैदाला, तो उत्तरेला त्रिपोलीत. मध्ये दोन-अडीच तासांचा रस्ता, म्हणजे काही समुद्र ओलांडायचा नव्हता. तरी पोरगी एकदाही राहायला आली नव्हती. "पुढच्या महिन्यात बघू, बाबा." तो पुढचा महिना आठ वेळा पुढे गेला होता. आई गेली की माहेराला कुलूप लागतं असं बायका म्हणतात. ते कुलूप आपणच आहोत की काय, असं वजीहला हल्ली वाटायला लागलं होतं.

आणि ही लेकीची सासरची पहिली ईद. पहिल्या ईदला माहेरचे मामूल, म्हणजे सारण भरलेली रव्याची बिस्किटं, सासरी जायचे, तेही घरचे. दुकानाचा डबा नेणं म्हणजे आमच्याकडे आता चूल नाही असं चारचौघांत सांगणं. वजीहने बाह्या सरसावल्या.

तो गवंडी. तीस वर्षं गिलावा करत आलेला. छताच्या कडेची द्राक्षाच्या वेलींची नक्षी साच्यातून अशी काढायचा की लोक माना वर करून बघत राहायचे. रवा तो काय आणि तूप ते काय, शेवटी कालवायचंच ना?

"असं कालवू नकोस रे, ती भिंत नाहीये!" समोरच्या गॅलरीतून विदाद ओरडली. नाहिदची ही जुनी मैत्रीण. गॅलऱ्या इतक्या जवळ की तिला याच्या परातीतला रवा मोजता आला असता. "बोटांनी चोळ. दाण्यादाण्याला तूप लागलं पाहिजे. आणि रात्रभर झाकून ठेव."

"रात्रभर? प्लास्टरसुद्धा चार तासांत सेट होतं."

"मग प्लास्टर खायला घाल विहिणीला!"

दुसऱ्या दिवशी, रमजानच्या शेवटच्या रोजाला, त्याने त्यात गुलाबपाणी आणि नारिंगीच्या फुलांचं पाणी शिंपडलं, आणि सगळं घर एकदम जुन्या ईदच्या वासाने भरलं. नाहिदची आठवण येऊन त्याचे डोळे भरले, पण हात तुपाने माखलेले, डोळे पुसायचे कशाने? तो पुढच्या कामाला लागला. खजूर मळून ठेवला, अक्रोड कुटले, पिस्ते कुटले. रोजा असल्यामुळे चव बघायची सोय नव्हती. साखर अंदाजपंचे, सगळा भरवसा अल्लावर.

नाहिदचे लाकडी साचे तीन होते: एक चपटा गोल, एक उंच घुमटासारखा, एक लांबट. विदाद सांगून गेली, "तीन सारणं, तीन साचे, माहितीय ना?" आणि यानेही मान हलवली. साच्याचं त्याला कोण शिकवणार? खजूर चिकट, तो लांबट साच्यातून झटकन सुटतो, हे पहिल्या दोन खेपांतच त्याच्या लक्षात आलं. अक्रोड चपट्यात नीट बसला. पिस्ता राहिला, तो घुमटात. साचा टेबलाच्या कडेवर एकदा आपटायचा की मामूल हातावर. एकाचीही कड तुटली नाही. गल्लीतल्या भट्टीवर तबकं भाजून आणली, तेव्हा भट्टीवाला म्हणाला, "उस्ताद, कुणाच्या घरातल्या बाईने केलेत?" घरी येताना वजीहची छाती चार बोटं फुगली होती.

शेवटी त्याने सगळ्यांवर पिठीसाखर चाळली. अगदी सगळ्यांवर, एकसारखी. पांढरा हात फिरवल्याशिवाय काम पुरं होत नाही, हा त्याचा धंद्याचा नियम.

ईदच्या दुपारी सैदाला दिवाणखान्यात विहिणीसमोर तबक उघडलं, तेव्हा उम्म हैसमच्या, म्हणजे जावई हैसमच्या आईच्या, भुवया जरा वर गेल्या. "खजुराच्यांवरही साखर? ते तर मुळातच गोड," ती पुटपुटली. पण पाहुणे होते, नक्षी सुरेख होती, तिने तबक पुढे केलं. तिची म्हातारी सासू मोजून चार दातांची धनीण. तिने हात लांब करून चपटा गोल मामूल घेतला. चपटा म्हणजे खजूर, मऊ. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

कटकन आवाज झाला.

"अगं बाई गं! अक्रोड!" म्हातारीने गाल धरला. "माझ्या जिवावर उठलात काय रे?"

उम्म हैसमने लगेच लांबट मामूल फोडला. लांबट म्हणजे पिस्ता. आतून खजूर निघाला. मग तिने घुमट फोडला, त्यातून हिरवागार पिस्ता. तिने कपाळावर हात मारला. "अबू लमीस, कुठल्या दुकानातून आणलेत हो हे? चक्क फसवलंय तुम्हाला. नाव सांगा, हैसमला पाठवून पैसे परत आणवते."

वाट अगदी मोकळी होती. कुठल्याही दुकानावर ढकललं असतं की अब्रू वाचली असती. वजीहने लेकीकडे पाहिलं. लमीस हातात कॉफीचं तबक घेऊन दारात उभी होती, मान खाली. तिची मान आपल्यामुळे खाली गेलीय हे त्याला सहन होईना. पण घरात चूल नाही असं सांगणं त्याहून जड होतं.

"दुकानातले नाहीत," तो म्हणाला. "मी केलेत. घरी. काय चुकलंय ते मला अजूनही कळलेलं नाही."

लमीसने तबक खाली ठेवलं, एक लांबट मामूल उचलला, अर्धा खाल्ला, आणि एकदम खदखदून हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मावशी," ती सासूला म्हणाली, "बाबांना कधी मामूल निवडावाच लागला नाही हो! आई स्वतः निवडून यांच्या हातात द्यायची. तीस वर्षं. कुठल्या साच्यात काय असतं ते यांना कुठून माहीत असणार?"

पहिली फिसकन हसली ती म्हातारीच, गाल धरूनच. मग सगळा दिवाणखाना हसला. हैसमने डोळे मिटून एक मामूल घेतला आणि आत काय आहे यावर भावाशी पैज लावली. पोरं तबकावर तुटून पडली. उम्म हैसमने मात्र एक अख्खा मामूल शांतपणे संपवला, बोटं झटकली, आणि म्हणाली, "रवा मात्र चांगला मुरलाय. तोंडात विरघळतो. माझा असा होत नाही." ही बाई कुणाचं कौतुक करत नाही, हे साऱ्या सैदाला ठाऊक होतं.

तेवढ्यात लमीसने विचारलं, "मावशी, मी बाबांबरोबर चार दिवस माहेरी जाऊन येऊ?"

माहेरी. आठ महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून तो शब्द आला होता.

"चार दिवसांत हा माणूस तीन साचे शिकेल?" उम्म हैसम म्हणाली. "आठ दिवस जा."

"अगं, पण तुझ्या खोलीत मी प्लास्टरच्या गोण्या रचून ठेवल्यात," एवढंच वजीह कसाबसा म्हणाला.

"उचलू की दोघं मिळून," लमीस आतल्या खोलीतून ओरडली. ती बॅग भरायलाही लागली होती.