तानुबाईची हाक

लढाई संपल्यावर मानसिंग फौजेतून सुटून आष्ट्याला आला. त्या थंडीत रानडुकरं उसाची नासाडी करत होती, म्हणून चुलते दादासो यांची बंदूक घेऊन तो एका सकाळी फडाच्या कडेला दबा धरून बसला.

शेजारच्या रानात जतकडच्या धनगरांची मेंढरं बसवली होती. त्यांतला धुळा चुकलेली मेंढी शोधत वाकून उसात शिरला. अंगावर काळं घोंगडं. ऊस हलला, मानसिंगनं नेम धरला. बांधावरून धुळाची बायको तानुबाई ओरडली, "निल्लरी! निल्लरी!"

बार उडाला. गाडीत घालून दवाखान्यात नेताना धुळा वाटेतच गेला.

निष्काळजीपणानं माणूस मारल्याचा खटला उभा राहिला. मानसिंगच्या वकिलांनी त्याला बजावलं, "बाई कानडीत ओरडली. तुला कळलं नाही, एवढंच म्हणायचं."

पलटणीत चार वर्षं विजापूरकडचे कानडी जवान त्याच्या बराकीत होते. 'थांबा' म्हणतेय हे त्याला कळलं होतं. बोट थबकलंही होतं. पण डुक्कर निसटेल म्हणून त्यानं घोडा ओढला. हे त्यानं फक्त आईला सांगितलं, तेव्हा तिनं त्याच्या तोंडावर हात ठेवला.

कोर्टात त्याच वकिलांनी तानुबाईला विचारलं, "मराठी येतं ना? मग मराठीत का ओरडली नाहीस?"

"नवऱ्यावर बंदूक धरली हुती सायेब. तोंडाला आलं ते वरडले."

मानसिंग म्हणाला, "मला कळलं न्हाई."

वैशाखात निकाल लागला. अपघात ठरला, मानसिंग सुटला. दुसऱ्या दिवशी तो वकिलांकडं गेला. "मला कळलं हुतं. लिवून घ्या."

"आता कुठं लिहू?" वकील म्हणाले. "एकदा निर्दोष सुटलास. त्याच गुन्ह्याचा खटला पुन्हा चालत नाही."

तिथून तो धनगरांच्या तळावर गेला. तानुबाई घोड्यावर बिऱ्हाड लादत होती. त्यानं सगळं सांगितलं. तिनं दोरी आवळता आवळता ऐकलं.

"तवा का बोलला न्हाईस?"

तिनं दोरीला गाठ मारली.

"माझा दीर म्हनतोय, तूच नीट वरडली न्हाईस. तुझ्यामुळं भाऊ गेला."

"मी सांगतो त्याला."

"कोर्टाम्होरं सांगायचं हुतंस. आता तुझं कोन खरं मानंल?"

ती मेंढरांमागं जतच्या वाटेला लागली. तेवढ्यात दादासोंचा गडी धापा टाकत आला. मानसिंग सुटला म्हणून घरी सत्यनारायण मांडला होता, सगळे खोळंबले होते. मानसिंग त्याच्या मागून चालू लागला.